केबल मोडेमची संकेतपातळी आणि त्रुटिगणना

केबल मोडेमची संकेतपातळी म्हणजे केबल दूरचित्रवाणीच्या तारेतून घरातील मोडेमपर्यंत पोहोचणाऱ्या, तसेच मोडेमकडून केंद्राकडे परत पाठविल्या जाणाऱ्या रेडिओ संकेताची मोजलेली तीव्रता होय. त्या संकेतातून माहिती वाचताना मोडेमला ज्या चुका आढळतात त्यांच्या मोजणीस त्रुटिगणना म्हणतात. केबलद्वारे मिळणारे इंटरनेट वारंवार खंडित होत असेल किंवा मंदावत असेल, तर दोष घरातल्या तारेत आहे, खांबावरील जोडणीत आहे की केबलचालकाच्या जाळ्यात आहे, हे ठरविण्यासाठी या दोन मोजमापांचा एकत्र उपयोग केला जातो. ही आकडेवारी बहुतेक मोडेम स्वतःच नोंदवून ठेवतात आणि ती पाहण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही.

पार्श्वभूमी

भारतात उपग्रह वाहिन्यांचा प्रसार १९९०च्या दशकाच्या आरंभी झाला. एका इमारतीवर तबकडी बसवून तेथून आजूबाजूच्या घरांत गच्चीवरून, खांबांवरून, प्रसंगी झाडांवरून समाक्ष तार ओढणारे स्थानिक केबलचालक त्याच काळात महाराष्ट्रातील शहरांत आणि मोठ्या गावांत उभे राहिले. त्यांच्या नियमनासाठी १९९५मध्ये केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) कायदा झाला. ही जाळी मुळात एकाच दिशेने, म्हणजे केंद्राकडून घराकडे, संकेत नेण्यासाठी बांधलेली होती. त्यांतून इंटरनेट द्यायचे तर घराकडून केंद्राकडे जाणारा मार्गही खुला करावा लागतो. केबल इंटरनेटच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या उलट मार्गात सापडते.

केबल मोडेम आणि केंद्रातील यंत्रणा यांच्यातील संवादाचे प्रमाणक 'डॉक्सिस' या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील केबललॅब्ज या संस्थेच्या पुढाकाराने त्याची पहिली आवृत्ती १९९७मध्ये आली. अनेक वाहिन्या एकत्र जोडून वेग वाढविणारी ३.० ही आवृत्ती २००६मध्ये, तर ३.१ ही आवृत्ती २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात मुंबईस्थित हॅथवे केबल अँड डेटाकॉम या कंपनीने मुंबई, पुणे आदी शहरांत केबल मोडेमवरून इंटरनेट सेवा दिली.

केबल दूरचित्रवाणीचे सक्तीचे अंकीयीकरण टप्प्याटप्प्याने झाले. मुंबईत ते ३१ ऑक्टोबर २०१२पर्यंत, पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत ३१ मार्च २०१३पर्यंत, तर ग्रामीण भागात शेवटच्या टप्प्यात, ३१ मार्च २०१७पर्यंत करावयाचे होते. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सणसवाडी (ता. शिरूर, जि. पुणे) हे गाव या शेवटच्या टप्प्यात मोडते. सणसवाडी आणि शेजारची शिक्रापूर, कोरेगाव भीमा ही गावे औद्योगिक आहेत. अशा गावांत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहतात आणि नवी खोली बांधली की जुन्या तारेलाच आणखी एक फाटा काढला जातो. पुढे दिलेले दोष अशा वाढत गेलेल्या वस्तीत विशेषेकरून संभवतात. मात्र पुण्यातील जुन्या वाड्यांत आणि मुंबईतील चाळींतही ते वेगळे नसतात.

मोडेमचे निदानपान

संगणक किंवा मोबाइल मोडेमला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता उघडला असता बहुतेक केबल मोडेमचे निदानपान दिसते. काही सेवादाते हे पान बंद ठेवतात किंवा त्यास परवलीचा शब्द लावतात. पानावर साधारणतः डाउनस्ट्रीम वाहिन्यांचा तक्ता, अपस्ट्रीम वाहिन्यांचा तक्ता आणि घटनांची नोंदवही असे तीन भाग असतात. केंद्राकडून घराकडे येणाऱ्या प्रवाहास डाउनस्ट्रीम आणि घराकडून केंद्राकडे जाणाऱ्या प्रवाहास अपस्ट्रीम म्हणतात. प्रत्येक वाहिनीसमोर तिची वारंवारता, पातळी आणि क्यूएएम हा मॉड्युलेशनचा प्रकार लिहिलेला असतो. डाउनस्ट्रीम वाहिन्यांसमोर याखेरीज संकेत-गोंगाट गुणोत्तर आणि दुरुस्त झालेल्या व न झालेल्या त्रुटींची संख्या असते.

मोडेम बंद करून पुन्हा सुरू केला की त्रुटींची गणना शून्यापासून सुरू होते आणि अनेक मोडेममध्ये नोंदवहीही पुसली जाते. म्हणून तक्रार करताना 'आधी मोडेम बंद-चालू करा' हा सल्ला मिळाला तरी तो पाळण्यापूर्वी पानाचे छायाचित्र घेऊन ठेवणे उपयुक्त ठरते. एरवी पुरावा त्याच क्षणी नाहीसा होतो.

डाउनस्ट्रीम पातळी

पातळी डेसिबल-मिलिव्होल्ट या एककात दिली जाते. ७५ ओहमच्या तारेवर १ मिलिव्होल्ट एवढा संकेत असेल तर त्याची पातळी शून्य मानतात. त्यामुळे 'शून्य' हा आकडा संकेत नसल्याचा निदर्शक नसून उत्तम पातळीचा निदर्शक असतो. मोडेमचे पान प्रथमच उघडणाऱ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. एकक लघुगणकीय आहे. ३ डेसिबल घट म्हणजे संकेताची शक्ती निम्मी आणि १० डेसिबल घट म्हणजे एक दशांश.

डॉक्सिस प्रमाणकानुसार मोडेमने उणे १५ ते अधिक १५ या पल्ल्यात काम करणे अपेक्षित आहे. व्यवहारात तंत्रज्ञ उणे ७ ते अधिक ७ ही पातळी चांगली मानतात, कारण प्रमाणकाच्या टोकाशी असलेला संकेत उन्हा-पावसाच्या फरकाने पल्ल्याबाहेर जाऊ शकतो. फार तीव्र संकेतही घातक असतो. ॲम्प्लिफायरला लागून असलेल्या घरात पातळी अधिक १५च्या पुढे गेली तर मोडेमचा ग्राहक भाग संपृक्त होतो आणि पातळी उत्तम दिसत असूनही त्रुटी वाढतात. अशा ठिकाणी तारेत ॲटेन्युएटर, म्हणजे ठरावीक डेसिबलने संकेत कमी करणारा लहान तुकडा, बसवितात.

केबलचालकाच्या तंत्रज्ञाजवळील मीटर अनेकदा डेसिबल-मायक्रोव्होल्टमध्ये आकडा दाखविते. त्या आकड्यातून ६० वजा केले की मोडेमच्या पानावरील एककातील आकडा मिळतो. मीटरवर ६५ असेल तर मोडेमच्या भाषेत ते अधिक ५ होय. ग्राहक 'पातळी उणे १० आहे' म्हणतो आणि तंत्रज्ञ 'माझ्याकडे ५० दिसते' म्हणतो, तेव्हा दोघेही एकच गोष्ट सांगत असतात. हा रूपांतराचा हिशेब माहीत नसल्याने वाद मात्र होतो.

संकेत-गोंगाट गुणोत्तर

संकेत त्याच्याबरोबरच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे हे या गुणोत्तरावरून कळते. मॉड्युलेशन जितके दाट तितके हे गुणोत्तर अधिक लागते. ६४-क्यूएएमसाठी सुमारे २४ डेसिबल पुरतात. २५६-क्यूएएमसाठी पातळीनुसार सुमारे ३० ते ३३ डेसिबल किमान लागतात आणि निश्चिंत राहण्यासाठी ३५च्या पुढे असलेले बरे.

पातळी आणि गुणोत्तर यांचे नाते निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दोन्ही खालावले असतील तर वाटेत संकेताची हानी होत आहे. तार, जोड आणि स्प्लिटर तपासावेत. पातळी चांगली पण गुणोत्तर वाईट असेल, तर गोंगाट वरूनच येत आहे किंवा बाहेरचा संकेत तारेत शिरतो आहे. अशा वेळी ॲम्प्लिफायर लावून उपयोग होत नाही, कारण तो संकेताबरोबर गोंगाटालाही तेवढेच मोठे करतो.

सर्व वाहिन्या सारख्या खराब आहेत की मोजक्याच, हेही पाहिले जाते. भारतात ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील मोबाइल मनोऱ्यांचे प्रक्षेपण ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ यादरम्यान असते, तर ८५० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ग्राहकाचा फोन ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतो. केबलच्या वाहिन्याही या वारंवारतांवर असू शकतात. तारेचे आवरण शाबूत असेल तर दोघांची गाठ पडत नाही. नेमक्या याच पट्ट्यातील वाहिन्यांवर त्रुटी दिसत असतील, तर सैल जोड किंवा विरळ जाळीची स्वस्त तार यांचा संशय घ्यावा.

अपस्ट्रीम पातळी

डाउनस्ट्रीमचा आकडा हा मोडेमने ऐकलेला आवाज असतो. अपस्ट्रीमचा आकडा हा मोडेमला ज्या आवाजात बोलावे लागते तो असतो. केंद्रातील यंत्रणा स्वतःकडे ठरावीक पातळीचा संकेत पोहोचावा म्हणून प्रत्येक मोडेमला आवाज कमी-जास्त करण्याच्या सूचना सतत देत असते. म्हणून येथे मोठा आकडा वाईट. मोडेमला ओरडावे लागत आहे, म्हणजे वाटेत बरेच काही गमावले जात आहे.

साधारणतः ३५ ते ४९ ही पातळी समाधानकारक मानली जाते. डॉक्सिस ३.० मोडेमची कमाल मर्यादा ६४-क्यूएएमवर एकच वाहिनी वापरताना ५७, दोन वाहिन्यांवर ५४ आणि चार वाहिन्यांवर ५१ असते. एकाच शक्तीची वाटणी होत असल्याने वाहिन्या वाढल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येते. मर्यादेजवळ पोहोचलेला मोडेम एखादी वाहिनी सोडून देतो किंवा जोडणीच गमावतो.

अपस्ट्रीमसाठी तारेतील सर्वांत खालच्या वारंवारता वापरल्या जातात. अमेरिकी पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ आणि युरोपीय पद्धतीत ५ ते ६५ मेगाहर्ट्झ. मोटारी, वेल्डिंग यंत्रे, ट्यूबलाइटचे जुने चोक आणि सैल विद्युत जोडांतील ठिणग्या यांचा गोंगाट नेमका याच भागात असतो. शिवाय केंद्राकडे जाताना सर्व घरांच्या तारा एकत्र मिळत जातात, तसा प्रत्येक घरातून शिरलेला गोंगाटही एकत्र होतो. त्यामुळे एका घरातील उघड्या तारेचा उपद्रव त्या फाट्यावरील सर्वांना होतो, आणि जो तक्रार करतो त्याच्या घरात काहीच सापडत नाही. कारखान्यांना लागून असलेल्या वस्तीत पाळीच्या वेळेनुसार इंटरनेट बिघडत असेल, तर या शक्यतेचा विचार करावा.

त्रुटिगणना

पाठविली जाणारी माहिती लहान खंडांत विभागून प्रत्येक खंडाला काही जादा अंक जोडले जातात. या जादा अंकांच्या आधारे मोडेम ठरावीक मर्यादेपर्यंतच्या चुका स्वतः दुरुस्त करतो. डॉक्सिस ३.०पर्यंत यासाठी रीड–सॉलोमन संकेतन वापरले जाते. युरोपीय पद्धतीत १८८ बाइट माहितीला १६ जादा बाइट जोडून २०४ बाइटचा खंड होतो आणि त्यातील ८ बाइटपर्यंतच्या चुका दुरुस्त करता येतात. मर्यादेत बसलेली चूक 'दुरुस्त' या रकान्यात आणि मर्यादेबाहेरची 'दुरुस्त न झालेली' या रकान्यात मोजली जाते. पहिल्या प्रकाराने ग्राहकाचे काहीही नुकसान होत नाही. दुसऱ्या प्रकारात माहिती हरवते; ती पुन्हा मागवावी लागते, किंवा दूरध्वनीसारख्या संभाषणात शब्द गळतो.

नुसत्या एकूण आकड्याला अर्थ नसतो. ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या २५६-क्यूएएम वाहिनीवर दर सेकंदास सुमारे ३४,००० खंड येतात. दिवसाचे ते २९० कोटींच्या घरात जातात. दहा दिवस सतत चालू असलेल्या मोडेमवर ५,००० न दुरुस्त झालेल्या त्रुटी दिसल्या तर ते प्रमाण नगण्य आहे. याच ५,००० त्रुटी एका मिनिटात वाढल्या, तर सुमारे २० लाख खंडांपैकी पाव टक्का खंड गेले असा हिशेब होतो. इंटरनेटचे एक मोठे पाकीट सुमारे आठ खंडांत मावते आणि त्यातील एक खंड गेला तरी पाकीट निकामी होते. म्हणजे ढोबळमानाने पाकिटांपैकी २ टक्के हरवतात. एवढ्या हानीने दृक्-श्राव्य संभाषण अडखळू लागते, जरी वेग तपासणाऱ्या संकेतस्थळावर आकडा बरा दिसला तरी.

यासाठी आकडे दोनदा घ्यावेत: एकदा आता आणि एकदा ठरावीक वेळाने, घड्याळ लावून. दोहोंतील फरक हीच खरी त्रुटिगणना. मोडेम सुरू होताना वाहिन्या शोधण्याच्या काळात काही त्रुटी नोंदल्या जातातच. त्यानंतर आकडा स्थिर राहिला तर त्यांकडे दुर्लक्ष करावे. आकडा सावकाश आणि सतत वाढत असेल तर पातळी वा गुणोत्तर सीमेवर आहे. तो तासन्‌तास स्थिर राहून एकदम हजारोंनी उडी घेत असेल तर कुठेतरी जोड हलतो आहे, किंवा गोंगाटाचा झटका येतो आहे. केवळ दुरुस्त त्रुटी वाढू लागणे ही पूर्वसूचना असते.

डॉक्सिस ३.१मध्ये रीड–सॉलोमनऐवजी एलडीपीसी हे अधिक समर्थ संकेतन वापरले जाते. त्यात जवळजवळ प्रत्येक खंडाची काही ना काही दुरुस्ती होत असते, म्हणून अशा वाहिनीसमोर दुरुस्त त्रुटींचा अवाढव्य आकडा दिसणे हा दोष नाही. तेथे फक्त न दुरुस्त झालेल्या त्रुटी पाहाव्यात.

टी-३ आणि टी-४

नोंदवहीत 'टी-३ टाइमआउट' असा शेरा वारंवार आढळतो. मोडेमने केंद्राला हाक दिली आणि २०० मिलिसेकंदांत उत्तर आले नाही, असा त्याचा अर्थ. सलग १६ वेळा असे झाले की मोडेम जोडणी नव्याने सुरू करतो आणि तेवढा वेळ इंटरनेट जाते. दिवसाकाठी एखादा टी-३ चिंतेचा नसतो; त्यांची रांग लागली असेल तर दोष बहुतांशी अपस्ट्रीम मार्गात असतो. 'टी-४' हा शेरा त्याहून गंभीर आहे. केंद्राकडून ठरावीक मुदतीत, म्हणजे सुमारे ३० ते ३५ सेकंदांत, बोलण्याची संधीच मिळाली नाही असे तो सांगतो. डाउनस्ट्रीम पूर्ण तुटले असता किंवा केंद्रातील यंत्रणा बंद पडली असता तो दिसतो.

घरातील दोष शोधणे

घरात शिरणारी तार एकदा सरळ मोडेमला जोडून पाहणे, मधले स्प्लिटर, जोड, सेट-टॉप बॉक्सचे फाटे सर्व वगळणे, ही एकच चाचणी अर्ध्याहून अधिक प्रश्न सोडविते. आकडे सुधारले तर दोष घरात आहे. न सुधारले तर तो बाहेर आहे आणि त्याची जबाबदारी केबलचालकाची आहे.

स्प्लिटरची हानी ठरलेली असते. दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर सुमारे ३.५ डेसिबल, चार फाट्यांचा ७ आणि आठ फाट्यांचा सुमारे ११ डेसिबल खातो, आणि तो दोन्ही दिशांना खातो. आरजी-६ जातीची तार ७५० मेगाहर्ट्झवर १०० मीटरला सुमारे १८.५ डेसिबल आणि ५५ मेगाहर्ट्झवर सुमारे ५ डेसिबल संकेत गमावते. जुन्या घरांत आढळणारी बारीक आरजी-५९ तार ७५० मेगाहर्ट्झवर सुमारे २३ डेसिबल गमावते.

उदाहरणार्थ, एका घरात अधिक २ पातळीचा संकेत येतो. दारापाशी दोन फाट्यांचा स्प्लिटर आहे; त्याच्या एका फाट्यावर घरमालकाचा दूरचित्रवाणी संच आणि दुसऱ्यावर मागील खोल्यांसाठी चार फाट्यांचा स्प्लिटर लावलेला आहे. तेथून २० मीटर तारेने मोडेम जोडला आहे. मोडेमपाशी पातळी २ उणे ३.५, उणे ७, उणे ३.७ म्हणजे उणे १२.२ होते. दारापाशी थेट जोडलेला मोडेम ४२ पातळीवर बोलत असेल तर या जागी त्याला ५३च्या पुढे जावे लागेल. चार वाहिन्यांची ५१ची मर्यादा ओलांडली गेल्याने तो वाहिन्या गमावू लागतो. दारापाशीच्या दोन फाट्यांपैकी एक सरळ मोडेमला दिला आणि सर्व दूरचित्रवाणी संच दुसऱ्या फाट्यावर घेतले, तर मोडेमपाशी उणे ५.२ पातळी मिळते आणि अपस्ट्रीम ४६च्या आसपास येते. खर्च शून्य. संचांना संकेत कमी पडला, तर ॲम्प्लिफायर त्यांच्याच फाट्यावर लावता येतो.

मोडेमच्या वाटेत मात्र दूरचित्रवाणीसाठीचा स्वस्त ॲम्प्लिफायर लावू नये. तो एकाच दिशेने संकेत वाढवितो आणि अपस्ट्रीम अडवितो. परिणामी डाउनस्ट्रीम पातळी देखणी दिसते पण मोडेम कधीच जोडला जात नाही. स्प्लिटरवर लिहिलेला वारंवारतेचा पल्लाही वाचावा. ५ ते १००० मेगाहर्ट्झ असा पल्ला हवा. ९५० ते २१५० लिहिलेला स्प्लिटर उपग्रह तबकडीचा असतो आणि येथे निरुपयोगी ठरतो. स्प्लिटरचे न वापरलेले फाटे ७५ ओहमच्या टर्मिनेटरने बंद करतात. उघडा फाटा संकेत परावर्तित करतो आणि गोंगाटाला वाट देतो.

वारंवारतेनुसार पातळी कशी बदलते यावरून दोषाचा प्रकार ओळखता येतो. वरच्या वारंवारतेच्या वाहिन्या क्रमाने खालावत गेल्या असतील तर तार फार लांब, बारीक किंवा जुनी आहे. मधल्याच दोन-चार वाहिन्या खड्ड्यात गेल्यासारख्या दिसत असतील तर तार कुठेतरी चेपली वा मुडपली आहे, किंवा तीत पाणी शिरले आहे. आतली तांब्याची तार तुटून टोके जवळजवळ राहिली असतील, तर तो जोड विद्युत धारित्रासारखा वागतो: वरच्या वारंवारता पार होतात, खालच्या अडतात. तेव्हा दूरचित्रवाणी व्यवस्थित दिसते, डाउनस्ट्रीम ठीक असते आणि केवळ अपस्ट्रीम मर्यादेला जाऊन भिडते. 'टीव्ही तर नीट चालतो, मग केबल कशी खराब?' या नेहमीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

जोडांपैकी सर्वाधिक त्रास नुसता पिरगाळून बसविलेला एफ-कनेक्टर देतो. दाबून बसविण्याच्या अवजाराने लावलेला कनेक्टर वर्षानुवर्षे टिकतो. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर असावी, काळवंडलेली नसावी, आणि जाळीचा एकही धागा तिला टेकू नये. दोन तारा सोलून, पिळून आणि चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड दूरचित्रवाणीला एक वेळ चालतो, मोडेमला चालत नाही.

जोड सोडविण्यापूर्वी तारेच्या बाह्य आवरणाला टेस्टर लावून पाहणे आवश्यक आहे. रस्त्यावरील ॲम्प्लिफायरना वीज कुठून तरी घरातूनच पुरविलेली असते, आणि केबलची तार विजेच्या तारेला घासत असल्यास किंवा ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा बिघडल्यास आवरणात प्रवाह उतरू शकतो. टेस्टर पेटला, किंवा हाताला झिणझिणी आली, तर तेथेच थांबून केबलचालकाला कळवावे. वळवाच्या पावसात विजा चमकत असताना गच्चीवरून आलेल्या तारेला हात लावू नये.

ऋतुमान आणि वीजपुरवठा

तारेतील हानी तापमानाबरोबर वाढते, सुमारे ५.५ अंश सेल्सिअसला डेसिबलमधील हानीच्या एक टक्का या हिशेबाने. रात्रीच्या २० अंशांपासून उन्हात तापलेल्या पत्र्यावरील ५० अंशांपर्यंत फरक पडला, तर २० डेसिबल हानीच्या लांबीवर १ डेसिबलहून अधिक घट होते. ती स्वतःहून मोठी नाही, पण अनेक ॲम्प्लिफायर एकामागोमाग असलेल्या फाट्याच्या शेवटी साचत जाते. दुपारी इंटरनेट जाणे आणि रात्री परत येणे याचे हे एक कारण आहे. उन्हाने सैलावलेला जोड हे दुसरे.

पावसाळ्यात पाणी जोडातून आत शिरते आणि जाळीतून केशाकर्षणाने दूरवर पसरते. अशी तार वाळली तरी गंजामुळे पूर्ववत होत नाही. ती बदलावीच लागते. घरात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ दिला तर पाणी तेथून गळून पडते. एवढी साधी काळजी पुष्कळदा घेतलेली नसते.

भारनियमन असलेल्या भागात आणखी एक कोडे पडते. ग्राहकाच्या घरी इन्व्हर्टर असतो, मोडेम चालू असतो, पण वाटेतला ॲम्प्लिफायर ज्या घराच्या मीटरवर आहे तेथील वीज गेलेली असते. अशा वेळी नोंदवहीत त्रुटी सावकाश वाढत नाहीत. एकाच क्षणी सर्व वाहिन्या जातात आणि टी-४ची नोंद होते. गेलेल्या विजेची वेळ आणि नोंदवहीतील वेळ जुळवून पाहिली की कारण स्पष्ट होते.

तक्रारीतील उपयोग

केबल इंटरनेट पुष्कळदा परवानाधारक सेवादाता आणि त्याच्यातर्फे तार सांभाळणारा स्थानिक केबलचालक अशा दोघांमार्फत येते, आणि दोघेही दोष एकमेकांकडे किंवा ग्राहकाच्या घरातील तारेकडे ढकलू शकतात. अशा वेळी 'नेट चालत नाही' या वाक्यापेक्षा दिनांक, वेळ, तार थेट जोडलेली असतानाची दोन्ही दिशांची पातळी, गुणोत्तर आणि एका तासातील न दुरुस्त झालेल्या त्रुटींची वाढ यांची नोंद अधिक परिणामकारक ठरते. थेट जोडणीची नोंद यात सर्वांत मोलाची, कारण तिने घरातील तारेचा मुद्दा निकाली निघतो.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२च्या ग्राहक तक्रार निवारण विनियमांनुसार तक्रार प्रथम सेवादात्याच्या तक्रार केंद्राकडे करावयाची असते आणि केंद्राने तक्रारीचा नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक आहे. निवारण न झाल्यास त्याच सेवादात्याच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते. प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा स्वतः करीत नाही. ब्रॉडबँडच्या सेवागुणवत्तेसाठी २००६मध्ये स्वतंत्र विनियम करण्यात आले होते. त्यांची जागा २०२४च्या एकत्रित विनियमांनी घेतली.

फायबर जोडणीतील समांतर मोजमापे

अलीकडे शहरांत आणि महामार्गालगतच्या गावांत समाक्ष तारेऐवजी काचतंतूची, म्हणजे फायबरची, जोडणी घरापर्यंत दिली जाते. ग्राहक आणि केबलचालक तिलाही सवयीने 'केबल'च म्हणतात, पण वर दिलेले आकडे तिला लागू होत नाहीत. घरातील पेटीच्या पानावर प्रकाशाची ग्रहणपातळी डेसिबल-मिलिवॉटमध्ये दिसते. जीपॉन पद्धतीच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब+ वर्गात ती उणे ८ ते उणे २७ यादरम्यान असावी लागते. उणे १५ ते उणे २५ असल्यास काळजीचे कारण नसते. ३२ घरांत वाटणी करणारा स्प्लिटर सुमारे १७ डेसिबल घेतो, त्यामुळे उणे २० हा आकडा तेथे स्वाभाविक असतो. तो पाहून मोडेमच्या सवयीने घाबरून जाऊ नये.

फायबरला विजेचा गोंगाट लागत नाही आणि गंजही चढत नाही. तिचे शत्रू निराळे आहेत: दारात चिमटलेली किंवा खिळ्याभोवती काटकोनात वळविलेली तार, कनेक्टरच्या टोकावरील धूळ आणि उंदीर. पातळी एका दिवसात ३ डेसिबल किंवा अधिक घसरली असेल तर आधी घरातील वळणे पाहावीत. तांबडा दिवा लागला असेल तर प्रकाश येतच नाही, आणि ते काम घरी होण्यासारखे नसते. जोडणी तपासताना तंतूच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील अवरक्त प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.